पन्नास मिनिटांवरचं माहेर

४ जानेवारी, मंगळवार

विमान नाही. धुकं. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "उद्या नक्की."

काल दादाचा फोन आला. "बाबांनी अन्न सोडलंय. डॉक्टर म्हणतात, आता घरीच ठेवा. तू ये." येते रे, उडत येते, पण उडवणाऱ्याला पुढचं दिसायला तर हवं!

दोन्ही विमानतळ एवढे-एवढेसे. मध्ये पन्नास मिनिटं. माझं लग्न ठरलं तेव्हा आई रडत बसली होती, तर बाबाच तिला म्हणाले, "अगं, पोर पन्नास मिनिटांवर तर असेल. दोरीवरचे कपडे वाळायच्या आत येईल." मी माहेरी जायचे तेव्हा छपरावरून विमान गेलं की ते चहाचं आधण ठेवायचे. मी दारात आले की कप हातात. आई गेल्यावरसुद्धा हे चुकलं नाही.

५ जानेवारी

धुकंच. रस्त्यानं जायचं तर सगळ्या डोंगरांना वळसा, बस बदलत दोन दिवस. हे म्हणाले, "हाडं खिळखिळी करून घेशील. आणि उद्या विमान सुटलं तर?" पटलं मला.

बाकावर शेजारी एक कवळ्या बनवणारे गृहस्थ होते. मांडीवर डबा, डब्यात तिकडच्या गिऱ्हाइकाचे दात. दुपारी उठले. "बिचारा आठवडाभर पातळ खाऊन राहिलाय. मी बस धरतो. येता का?"

मी म्हटलं, नको. उद्या विमान आहे.

६ जानेवारी

धुकं. दादा म्हणाला, बाबा सारखं विचारतात, निघाली का. त्यानं सांगितलंय, निघाली.

७ जानेवारी

कवळीवाल्यांचा फोन. पोचले! गिऱ्हाइकाला दात बसलेसुद्धा. हसावं की रडावं कळेना. परवा त्यांच्याबरोबर गेले असते तर आत्ता बाबांच्या उशाशी असते. अक्कल कुठं गहाण ठेवली होती मी?

आता निघावं तर पुन्हा दोन दिवस. आणि पुन्हा तेच — उद्या सुटलं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काउंटरवरच्या मुलीवर उगाच खेकसले. ती तरी काय करणार. तिनं मला पाणी आणून दिलं.

८ जानेवारी

सुटलं. खिडकीशी बसले, देवाचं नाव घेत. ऊन होतं वर, लख्ख. मग खाली आमची पाण्याची टाकी दिसली, आमचं छप्पर दिसलं — दोरीवर बाबांचा सदरा वाळत होता, निदान मला तसं वाटलं. पण विमानतळ नदीकाठी, तिथं नुसता कापूस पिंजलेला. तीन घिरट्या घातल्या. तिन्ही वेळा घरावरून गेलो. मग वैमानिक म्हणाला, माफ करा, परत फिरतोय.

"मला उतरवा हो," असं मी मोठ्यानं म्हणाले. विमानात! शेजारच्या बाईंनी हात धरला.

परत त्याच बाकावर. दादा फोन उचलत नाही.

९ जानेवारी

बाबा गेले. काल संध्याकाळी. दादा सांगत होता, दिवसभर डोळे मिटूनच होते. दुपारी छपरावर विमानाचा आवाज आला तेव्हा उघडले. म्हणाले, "आली. आधण ठेव."

दादानं ठेवलं.