काटा वर येत नाही

४ जानेवारी
लेकीची बदली झाली. नवं गाव डोंगरापलीकडे, कडक थंडीचं. सामान, ती आणि वर्षभराची नात, सगळ्यांना १८ तारखेला माझ्या पिकअपमधून पोचवतो, असं मीच जाहीर केलं. जावई आधीच पुढे गेलाय. लग्न झाल्यापासून ती माझ्या गाडीत बसलेली नाही. आता पाच तास शेजारी बसेल, चार शब्द बोलेल. अडचण एकच, हीटर गार वारा फेकतो. टेंपरेचरचा काटाही तळाशी लोळत असतो. एका संध्याकाळचं काम.

५ जानेवारी
मेहुणा आला. न विचारता बॉनेटमध्ये डोकावला. म्हणाला, दाजी, थर्मोस्टॅट गेलाय. ती झडप इंजिन गार असताना बंद राहायला हवी, तापल्यावर उघडायला हवी. तुमची उघडीच अडकलीय, म्हणून इंजिन तापत नाही. बदलून टाका.
हा दातांचा डॉक्टर. लोकांच्या तोंडात हात घालता घालता आता माझ्या इंजिनात घालायला लागला. दोष थर्मोस्टॅटचा नाही, हे तिथल्या तिथे नक्की झालं.

७ जानेवारी
काट्यावरच संशय. मीटर नवा बसवला. नवा काटाही तळाशी. हल्लीच्या वस्तूंत दम राहिला नाही.

८ जानेवारी
नीट विचार केला. इंजिन गार असणं चांगलंच. तापट माणूस लवकर जातो, तेच इंजिनाचं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग तुम्ही अजून कसे? डिझेल मात्र गाडी घटाघट पिते.

११ जानेवारी
सेन्सर बदलला. हीटरचे पाइप साफ केले. बोटं सोलवटली. लेकीचा फोन. हीटर झाला का, बाळाला सर्दी आहे. म्हटलं, झाल्यात जमा. ती नुसतं हं म्हणाली. हे हं तिच्या आईकडून आलंय.

१३ जानेवारी
रेडिएटरसमोर पुठ्ठा लावला. माझी स्वतःची कल्पना. काटा नखभर चढला. लगेच लेकीला कळवलं, काम फत्ते. मग गाडी हायवेला काढली तर काटा पुन्हा खाली. पुठ्ठा उडून गेला होता. यात माझा काय दोष?

१५ जानेवारी
मेहुण्याचं तोंड कायमचं बंद करायचं ठरवलं. थर्मोस्टॅट काढला आणि दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात टाकला. पाणी तापलं की उघडतो का, ते बघायचं होतं. हा तर गॅस पेटवायच्या आधीच सताड उघडा. किती तत्पर! असा पार्ट आता मिळायचा नाही. पुसून परत बसवला. बायकोने पातेलं बाहेर फेकलं.

१७ जानेवारी
सामान चढवलं. हीटर अजून तसाच. पण उद्याचा रस्ता चढाचा आहे, चढावर इंजिन आपोआप तापेल. साधं शास्त्र.

१८ जानेवारी
लेक बाळाला घेऊन शेजारी बसली. हीटर फुल्ल सोडला. बाळाची टोपी तेवढी उडायची राहिली. म्हटलं, दहा मिनिटं थांब, तापेल. पेट्रोल पंपापर्यंत बाळ सारखं शिंकत होतं. लेक बाळाला घेऊन उतरली. मागे मेहुण्याची गाडी उभी. म्हणाली, बाबा, तुम्ही सामान घेऊन सावकाश या.
चढावरही काटा हलला नाही. सामानाने तक्रार केली नाही.

१९ जानेवारी
घरी परतलो. बायकोला विचारलं, तुझा भाऊ नेमका मागेच कसा काय उगवला? ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, त्याची गाडी पहिल्या दिवशीच ठरली होती. लेकीनेच मामाला सांगून ठेवलं होतं, की सामान बाबांना नेऊ दे, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.
वाटलं. फार वाईट वाटलं. मी बोटं सोलत होतो आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाजारात लहान पोराच्या हातात रिकामी पिशवी देतात ना, तसं सामान दिलं मला.
बायको म्हणाली, आता तरी तो थर्मोस्टॅट बदला. मी म्हटलं, बदलतो, तू बसशील शेजारी? ती घड्या घेऊन आत गेली.
राहू दे. एकट्याला स्वेटर पुरतो.