हिरव्या पट्टीची कॉइल

माय, चार दिवस झाले, एका जुन्या गाडीने माझं डोकं फिरवलंय. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? गोल नाकाची, पांढरी, माझ्यापेक्षा वयाने मोठी गाडी. सकाळी सुरू केली की डायनामो झकास चार्जिंग देतो, डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा विझतो, मी हुश्श करतो. सुरतेबाहेर कामरेजपर्यंत जाऊन माघारी वळलो की सगळं तापतं आणि तो दिवा पुन्हा डोळे वटारून बसतो. मग बॅटरी उतरत जाते. गार झाली की परत शहाण्यासारखी चालते. डॉक्टरकडे नेलं की ताप उतरतो, तसली गत. पट्टा ताणला, ब्रश बदलले, अर्थची वायर रंग खरवडून नवी बसवली, रेग्युलेटर दुसरा घातला, शेवटी बॅटरीसुद्धा बदलून पाहिली. माझ्याने हात टेकले गं.

गाडीच्या मालकाकडे अशा पाच गाड्या आहेत. ही नीट झाली तर पाचही मीच सांभाळायच्या, असं तो म्हणालाय. माझ्याकडे आता येतं तरी कोण? नव्या गाड्या थेट कंपनीच्या सर्व्हिसला जातात, माझ्याकडे हॉर्न वाजत नाही म्हणून रिक्षावाले येतात. या गाड्या मिळाल्या तर दुकानाचं शटर वर राहील, नाहीतर पन्नाशी उलटल्यावर आबांसारखा मीही पलसाण्याच्या एखाद्या डाईंग मिलच्या दारात कामासाठी उभा राहीन. "शनिवार सुधी जोऊं छुं," मालक म्हणाला, "पछी डायनामो भंगारमां, ने बीजो मिस्त्री ऑल्टरनेटर बेसाडी देशे." आज शुक्रवार आहे, उद्याचाच दिवस हातात.

खरं सांगू? एक गोष्ट मी तपासलीच नाही. डायनामोच्या पोटातली फील्ड कॉइल. पहिल्या दिवशी ब्रश बदलताना तो उघडला, तेव्हा वार्निशखाली हिरवी सुती पट्टी दिसली आणि मी तो तसाच मिटला. ती पट्टी तुझ्या लुगड्याची आहे. ही कॉइल तू बांधलीस तेव्हा गाडी दुसऱ्याच कुणाची होती, नंतर कितीतरी वर्षं कुठल्याशा शेडमध्ये पडून होती. आणि आता अशी फिरून माझ्याच दारात.

अजून दिसतं: आपल्या कोसाडच्या खोलीत ओट्याला पाठ लावून तू बसली आहेस, मांडीवर लाकडी साचा, आणि तांब्याची तार तुझ्या बोटांतून सरसर जातेय. भाकऱ्या झाल्या की गरम तव्यावर पत्र्याचा डबा उपडा घालतेस, त्याखाली वार्निश लावलेली कॉइल सुकते. दुसऱ्या दिवशी भाकरीलाही तो वास. आबांनी मिलमधून पट्ट्यांसाठी चिंध्या आणल्या, तर तू त्या दिव्यावर धरून पाहिल्यास आणि फेकून दिल्यास. "हाई त वितळी जाई." सगळ्या सुरतेत सुती कापड मिळेना, म्हणून तू आपलं लुगडं फाडलंस. एकदा माझ्या हातून तार मध्येच तुटली. बावीस वर्षांचा होतो, अंगात मस्ती. दोन टोकं पिळली, टेप गुंडाळली, पुढे चाललो. तू सगळी कॉइल उलगडलीस आणि जोड माझ्या नाकासमोर धरलास. "पिळा मारा म्हंजे जोड व्हयना का रे? डाग दे." कथील वितळवून जोडावर डाग दिल्याशिवाय त्या दिवशी मला जेवायला वाढलं नाहीस. अशा बाईची कॉइल तपासायची?

काल इथवर लिहिलं आणि उठलो. गाडी कामरेजपर्यंत नेली, तापलेली परत आणली आणि फील्डच्या टोकाला टेस्टचा बल्ब लावला. बल्ब लागला नाही, म्हणजे कॉइलमध्येच कुठेतरी तार सुटत होती. तिथेच स्टुलावर बसून राहिलो. डायनामो गार होत गेला, तसा बल्ब हळूच उजळला. आपलेच दात, आपलेच ओठ. कॉइल बाहेर काढली, ब्लेड घेतलं, पण हात धजेना. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. घरात तुझा एक फोटो आहे, तोही धड नाही. तुझ्या हातचं असं माझ्याकडे दुसरं काय आहे? शेवटी रडत रडतच हिरवी पट्टी कापली. आतल्या थरात एक जोड होता. नुसता पिळलेला, वर टेप, डागाचा पत्ता नाही. गार असताना तो कसाबसा टेकत होता आणि तापला की सुटत होता. एक क्षण मी तुझ्यावर चिडलो. मला उपाशी ठेवणारी तू, आणि हे?

मग आठवलं. तुझं शेवटचं वर्ष. गिऱ्हाईक दारात उभं होतं. तू हीच कॉइल माझ्यापुढे केलीस आणि म्हणालीस, "मना हात थरथरतस. एवढा डाग तू दी दे रे भाऊ." मी मान वर न करता म्हणालो, "राहू दे माय, टेप मार. कोण बघतंय?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि टेप मारलीस. त्या वेळी उलगडून नाकासमोर धरायची ताकद तुझ्यात उरली नव्हती. त्यानंतर तू कॉइल बांधली नाहीस.

डाग दिला. नवी पांढरी पट्टी गुंडाळली, रात्रभर सुकवली. आज शनिवार, दोनदा कामरेजला जाऊन आलो, दिवा विझलेलाच राहिला. दुपारी मालक आला, खूश झाला. चूक कुठे होती विचारलं, तर कापून काढलेला काळा पिळा मी त्याच्या हातावर ठेवला. बोटांत फिरवून तो हसला. "आ तो कोई अनाडीनुं काम छे, नहीं?"

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहितोय. जोड कुणाचा ते मला सांगता आलं असतं. टेप मार म्हणणारा मीच, हेही सांगता आलं असतं. पण पाच गाड्या डोळ्यांसमोर होत्या. मी "हां" म्हणालो, माय. आणि त्याच्याबरोबर थोडा हसलोसुद्धा.