रविवारची गोळी

८ जून २०२४, तळेघर
मनगटाचं प्लास्टर निघालं. अंगणात घसरले, एवढंच. पण घोडेगावच्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर हाडं तपासली. म्हणाल्या, पाळी गेल्यावर बायकांची हाडं आतून ठिसूळ होतात, तुमची जरा जास्तच झालीत. मशीन जुनं असणार. इतकी वर्षं अंगणवाडी चालवली, सगळ्या वाड्या पायी फिरले. ठिसूळ हाडांची बाई चालेल का एवढी?
तरी गोळी घेणार. दर रविवारी एक, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास चहा नाही, आडवं व्हायचं नाही. गोळ्यांचं मला कुणी शिकवू नये. गावातल्या गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या मी समोर उभं राहून गिळायला लावल्यात.

१६ जून, सकाळ
घेतली. चहाशिवाय डोकं चढलं, म्हणून लगेच चहा घेतला आणि जरा कलंडले. डॉक्टर लोक सगळं जास्तीचंच सांगतात.
दुपारी छातीत जळजळ. गोळीचाच दोष.

३० जून
शेजारच्या साळुबाईला हीच गोळी आहे. गोळी घेऊन ओट्यावर ताठ बसते, फोटो काढायला बसल्यासारखी. तिला बजावलं, एकही रविवार चुकवायचा नाही. म्हणाली, बाई, तुमी हायसा म्हणून घेते, न्हाईतर मला काय कळतंय. बरं वाटलं.
माझी आज राहिली. घाई होती.

१४ जुलै
निर्णय! नाचणी, दूध, कोवळं ऊन. गोळीची गरजच पडणार नाही. सून तेजस्विनीनं विचारलं, आई, गोळी घेतली का. हो म्हटलं. पोरीच्या जिवाला उगाच घोर कशाला? पाकीट रिकामं दिसावं म्हणून गोळी काढून चुलीत टाकली. याला खोटं म्हणत नाहीत.

२१ जुलै
धुकं. ऊन कुठून आणू? दुधानं पोट बिघडतं. नाचणीची भाकरी एकदा खाल्ली. तब्येत उत्तम.

५ जानेवारी २०२५
पाठ दुखते. थंडी आहे. साड्या हल्ली पायात येतात, नवीन कापड लांबच निघतं. तेजस्विनी म्हणते, आई, तुमी वाकलाय. म्हटलं, तू उंच झालीस.

१४ जुलै
घोडेगावला तपासणी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी नियमित? म्हटलं, एक रविवार चुकला नाही. बाकीच्या बायकांसमोर शाबासकी दिली. साळुबाई टाळ्या वाजवायचीच बाकी होती.
पुढच्या रविवारपासून खरंच घेणार.

१२ सप्टेंबर, मंचर, हॉस्पिटल
स्वयंपाकघरात उभी होते. पडले. पडले म्हणून मोडलं की मोडलं म्हणून पडले, कळलं नाही. खुब्याचं हाड. मुलानं, गोरखनं, जीपमध्ये घालून इथं आणलं. रस्ताभर ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही. ऑपरेशन झालं, आत रॉड आहे.
डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. माझ्याआधी तेजस्विनीच बोलली, एक बी चुकवली न्हाई, मी सोता पाकिटं बघितलीत. डॉक्टर म्हणाले, मग या गोळीचा गुण आलेला दिसत नाही, दुसरं औषध बघू.
तेजस्विनी बाहेर जाऊन रडली. म्हणते, माझंच कुठंतरी चुकलं. तिला सांगायला हवं. पण वॉर्डात किती माणसं. घरी गेल्यावर सांगेन.

२८ सप्टेंबर
घरी. संडासला नेताना तेजस्विनी मला काखेत धरते. अशा वेळी कसं सांगायचं?

९ नोव्हेंबर, रविवार
वॉकरनं ओट्यापर्यंत आले. साळुबाई येऊन बसली. तिनं गोळी सोडलीय. म्हणाली, बाई, तुमच्यासारखी शिस्तीची बाई पडली, मग मला काय गुण यायचा? उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या म्हणाली.
सांगणार होते. तोंड उघडलंही. तेवढ्यात तेजस्विनी चहा घेऊन दारात आली.
मी म्हटलं, साळू, चहा घे, गार होतोय.
तिनं घेतला. मग जायला उठली. ओट्याची पायरी उतरताना तिनं भिंत धरली, आणि ती खाली पोचेपर्यंत मी बघत बसले.