फेराबाहेरची खुर्ची

आई,

गौरी झाल्यापासून घरात काय काय आलं ते आधी सांगते, त्याशिवाय तू पुढचं ऐकायची नाहीस. भावाकडून नागलीचं पीठ आलं आणि माळावरच्या काकड्या. त्याचे पैसे नाहीत, पण कासा गावाहून येणाऱ्या जीपवाल्याने पिशवी आणल्याचे वीस रुपये घेतले. "पिशवी तुझ्याच पायाशी होती, तिचं भाडं कसलं," असं मी त्याला म्हटलं, तर म्हणतो कसा, "मावशी, काकड्या पण बसूनच आल्या." देवापुढच्या समईसाठी तिळाचं तेल आणलं, त्याचा भाव तुला सांगत नाही, तू उपाशी झोपशील. आणि हेडबाईंकडून, त्या कोण ते पुढे येईलच, गौरीच्या प्रसादाचं अर्धं खोबरं, ते अर्थातच फुकट. एवढं वहीत मांडून झालं आणि दुपार तशीच शिल्लक राहिली.

मसोलीच्या या घरात दुपारी समुद्राकडचा वारा येतो. पडदा आत येतो, बाहेर जातो, आणि मला झोप लागते की नाही ते मला कळत नाही. अशा वेळी तू येतेस. काही बोलत नाहीस, चुलीपाशी बसल्यासारखी गॅसच्या ओट्यापाशी बसतेस आणि माझे डबे बघतेस. मी म्हणते, आई, हा साखरेचा, हा रव्याचा. तू मान हलवतेस. जाग आल्यावर गाल ओला असतो असं काही नाही, उलट बरं वाटतं, उन्हातून सावलीत आल्यासारखं. आजही तू आलीस, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण तिकडे कुणीतरी वाचून दाखवणारं असेलच.

तू गेलीस तेव्हा माझा मुलगा पाळण्यात होता. आता तो वापीला कामाला आहे, आठवड्याने फोन करतो. हे रेल्वेत गार्ड होते ते तुला माहीत आहे, त्यांच्या शिट्टीचं तुला कौतुक होतं. निवृत्त झाल्यावर यांना घर खायला उठलं. तेव्हा इथे देवळामागच्या हॉलमध्ये निवृत्त मंडळींचा एक वर्ग सुरू झाला. तिथे मास्तर कुणी नाही, नियम एकच, ज्याला शिकायचं त्याने काहीतरी शिकवायचंही. हे मला म्हणाले, चल, घरात बसून काय करणार. म्हणून मी गेले. मागच्या बाकावर यांच्या शेजारी बसायचे आणि घरी आल्यावर काय काय ऐकलं ते भाजी निवडताना मनात घोळवायचे.

तिथली गंमत म्हणजे कुणीच कुणाला नावाने हाक मारत नाही. जो जिथून निवृत्त झाला तेच त्याचं नाव. टपाल कचेरीतले पोस्टमास्तर, शाळेच्या हेडबाई, टेलिफोनात जन्म काढलेल्या गुजराती बाई म्हणजे फोनबेन, आणि हे गार्डसाहेब. मी कुठून निवृत्त झाले नाही, स्वयंपाकघरातून कोण सोडतं, म्हणून मी नुसती वहिनी. पोस्टमास्तरांनी आम्हाला मोबाईलवरून वीजबिल भरायला शिकवलं, पण ते स्वतः अजून खिडकीवरच जाऊन भरतात, म्हणतात, शिक्का बघितल्याशिवाय जेवण जात नाही. यांनी हिरवा-लाल झेंडा कसा धरायचा ते शिकवलं, आणि सगळे म्हातारे हॉलभर झेंडे हलवत फिरले. फोनबेनने गुजराती वाचायला शिकवलं. फळ्यावर तिने अक्षरं काढली आणि मला हसू आलं. आपलीच अक्षरं, फक्त डोक्यावरचा पदर काढून बसलेली. मी हे यांच्या कानात सांगितलं, यांनी सगळ्यांना सांगितलं. फोनबेन म्हणाली, "वहिनी, अमारे त्यां सासू नथी ना." त्यांच्याकडे सासूच नाही म्हणे. त्या दिवशी मी पहिल्यांदा वर्गात मोठ्याने हसले. तुझ्या पोरीने मॅट्रिक झाल्यावर इतक्या वर्षांनी नवी अक्षरं वाचली, आई. स्टेशनबाहेरच्या दुकानाची पाटी वाचली, 'ताजा गांठिया', आणि काही घेतलं नाही.

हे गेले त्याला दोन गौरी झाल्या. मला कुणी वर्गात येऊ नको म्हटलं नाही. मीच गेले नाही. मी यांच्या नावावर जात होते, ते नाव संपलं, असं मला वाटे. सकाळी पूजा, दुपारी पोथी, संध्याकाळी हिशेब, आणि मधल्या वेळात तुझी आठवण. म्हणजे एकच आठवण.

बा गेला त्या वर्षीच्या भाद्रपदातली. तोवर फेराच्या तोंडाशी तूच असायचीस. तळासरीकडच्या पाड्यांतून बायका तुझ्या गळ्यासाठी येत. त्या वर्षीही त्या आपल्याच अंगणात आल्या, कारण गाणी तुझ्याकडे होती. गौर आत पाटावर, तेरड्याची रोपं हळदीच्या पानांत बांधलेली. तू आतून घोंगडी आणतेस, ओट्यावर अंथरतेस आणि बसतेस. तुला कुणी बस म्हटलेलं नाही. पण कुणी ऊठ असंही म्हणत नाही. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरतात आणि मध्येच अडतात, मग तू ओट्यावरून पुढचा शब्द देतेस, विहिरीत दोर सोडावा तसा. त्या तो धरून पुढे जातात. मी तुझ्या पाठीला टेकून बसलेय. मी विचारते, तू का नाही जात? तू म्हणतेस, "ओट्यावरून सगळा फेर दिसतो गं. आत शिरलं की शेजारणीचा खांदा तेवढा दिसतो." ते मला पटलं. त्यानंतर तू जितकी वर्षं होतीस तितकी वर्षं ओट्यावरच बसलीस, आणि मला वाटत राहिलं की ती जागा तुला आवडते.

यंदा श्रावण संपता संपता हेडबाई आणि फोनबेन घरी आल्या. मी चहा टाकला. हेडबाईंनी बशीत चहा ओतला आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, इतकी रजा झाली, अर्ज कुठे आहे? मी म्हटलं, मी तर यांच्याबरोबर यायचे, आता माझं तिथे काय. त्यावर हेडबाईंनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, तुमचं नाव आम्ही कधी वेगळं विचारलंच नाही, ती आमची चूक. फोनबेन म्हणाली, ते राहू द्या, वहिनींचा शिकवायचा वारो, म्हणजे पाळी, बाकी आहे. मी म्हटलं, मला वरणभात येतो, तो तुम्हाला येतो. पण ती विसरली नव्हती. एकदा सगळे आगरच्या किनाऱ्यावर गेलो होतो, तेव्हा भिजलेलं लुगडं पिळताना मी तुझं गौरीचं गाणं गुणगुणले होते म्हणे. ते शिकवा, म्हणाली, आपण गौरीला हॉलमध्ये फेर धरू. मी रिकामे कप गोळा करायला लागले. हेडबाईंना समजलं असावं, त्या घाईने म्हणाल्या, "तुम्हाला नाचायला नाही सांगत हं. आम्हाला कळतं. तुम्ही नुसते शब्द सांगा."

त्या रात्रीपासून गौरीपर्यंत मी देवीला एकच विचारत होते. लोक काय म्हणतील हे मी विचारलं नाही. इथे शहरगावात कोण काय म्हणतं, आणि म्हटलं तरी मी कुठे ऐकायला जाते. मी विचारत होते, तुला चालेल का? आणि त्याच्या मागे दुसरा प्रश्न होता, तो देवीचा नव्हता, तुझा होता. तू इतकी वर्षं बसलीस. मी उभी राहिले, तर तुझं बसणं फुकट गेलं असं होईल का? आईने जे पाळलं ते लेकीने एका दुपारी मोडलं, असं? मी आपली समईकडे बघायचे. वात शांत जळायची, हो म्हणायची नाही की नाही म्हणायची नाही.

गौरीच्या दिवशी हॉल झाडून ठेवला होता. कुणीतरी तेरडा आणला होता, पाटावर गौर मांडली होती, चांगली मांडली होती. मधली बाकं हलवून जागा केली होती. आणि भिंतीपाशी, फेराच्या बाहेर, एक खुर्ची होती. हातांची, उशी घातलेली, शेजारी पाण्याचा तांब्या. पोस्टमास्तरांनी ती स्वतः घरून आणली होती, रिक्षात घालून. त्यांनी मला अदबीने तिच्यापर्यंत नेलं. "तुम्ही इथून सांगा वहिनी, तुम्हाला त्रास नको," म्हणाले. इतक्या मायेने मांडलेली खुर्ची, आई, कुणाला नको म्हणता येईल. मी बसले. उशी मऊ होती.

मी पहिली ओळ सांगितली. गवर आली डोंगर उतरून, पायाला माती लाल. त्यांनी ती घोळवली, एकमेकांच्या कमरेला हात घातले, आणि जे सुरू झालं त्याला नाच म्हणायचं तर देवीने माफ करावं. हेडबाई शाळेच्या कवायतीसारख्या चालत होत्या. पोस्टमास्तर लंगडत म्हणत होते, हा गुडघा पेन्शनीत निघालाय, याच्याकडून जादा काम घेऊ नका. फोनबेनचा पाय गरब्याचा, तो टाळीसाठी थांबायचा आणि मागची मंडळी तिच्यावर येऊन आदळायची. मी खुर्चीवरून सांगत होते, दोन पावलं पुढे, एक मागे, वाका, आता उजवा. शब्द पोचत होते, पाय पोचत नव्हते. शेवटी फोनबेन फेर सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कपाळ पुसत. "वहिनी, बसून पग कसा शिकवणार? दाखवा ने."

हेडबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले ते मी पाहिलं. मी खाली बघितलं, आणि लुगड्याच्या काठाखाली माझा पाय हलत होता. दोन पुढे, एक मागे. तो केव्हापासून हलत होता कोण जाणे. आणि तेव्हा मला तुझे पाय दिसले. ओट्यावर, घोंगडीच्या कडेला. तू वर शांत बसलेली, पदर घट्ट, हात मांडीवर, आणि खाली दोन्ही पायांचे अंगठे शेणाने सारवलेल्या जमिनीवर ताल धरून चाललेले. मी तुझ्या पाठीला टेकलेली होते, मला तो ताल तुझ्या पाठीतून लागत होता. लहान होते, मला वाटलं आई झोपवतेय. आई, तू बसलेली नव्हतीसच. वर्षानुवर्षं तू फेरातच होतीस, फक्त कुणी जागा केली नाही.

मी उठले. चप्पल काढली, गौरीला नमस्कार केला आणि फेराकडे गेले. कसं आत शिरायचं ते मला आठवत होतं, दोघींच्या मधून हात घालायचा आणि तो हात धरला जाईपर्यंत थांबायचं नाही. एका बाजूला फोनबेन, दुसऱ्या बाजूला हेडबाई. हेडबाईंनी माझी कमर अशी घट्ट धरली की श्वास कोंडला. मग मी पाय टाकला, आणि सगळ्यांचे पाय हळूहळू त्याच्यावर आले. तुला एक सांगते, रागावू नकोस. आत शेजारणीचा खांदा तेवढाच दिसतो असं नाही. समोरचे सगळे चेहरे दिसतात. तेरड्याच्या रंगांत, दुपारच्या उन्हात, सगळे म्हातारे चेहरे पोरासोरांसारखे तोंड उघडून तुझं गाणं गात होते. हे असते तर ते कुठे उभे असते ते मला नेमकं दिसत होतं, आणि तिथेही फेर तुटलेला नव्हता.

मग दुसरी ओळ आली. कोणाच्या घरी उतरशील बाय, कोण गं तुझी लेक? आणि त्यापुढे गौर काय सांगते ते माझ्या डोक्यातून गेलं. अगदी कोरं. भावजयीला मग फोन करून विचारलं, तिलाही येत नाही, तिकडे आता पोरी स्पीकर लावून नाचतात. पण तेव्हा फेर चालू होता, पाय थांबत नव्हते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि ओट्यावर शब्द द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं: जिच्या घरी एकच ताट, तिच्या घरी येईन मी. सगळ्यांनी ते लगेच उचललं. हेडबाईंचा आवाज त्या ओळीला जरा हलला, त्याही एकट्याच राहतात. आता वर्गात दर खेपेला निघताना सगळे ती ओळ म्हणतात, आणि पोस्टमास्तर नव्या माणसाला सांगतात की ही वहिनींच्या आईची आहे, फार जुनी.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकायला गेले तर पोस्टमास्तर आडवे येतील आणि पिनकोड विचारतील. देव्हाऱ्यात गौरीच्या पानांखाली ठेवीन. एवढं मात्र कबूल करते की ती ओळ तुझी नाही, माझी आहे, आणि ती तुझी म्हणून गायली जाते तेव्हा मी गप्प बसते, कारण मला ते गोड वाटतं. पण देवीच्या तोंडी आपले शब्द घालणं बरं नव्हे. तेव्हा गौर खरं काय सांगते, कुणाच्या घरी उतरते, ते दोन शब्दांत का होईना, उलट टपाली कळव.