विचारायचं राहून गेलेलं घर

प्रिय बाबा,

आज दुपारी कौन्सिलच्या माणसांनी आपल्या फाटकासमोरचा शेवटचा तुकडा घातला. सिमेंट ओलं होतं तोवर आई कोंबड्या हाकलत उभी होती. आता चौकापासून शाळेपर्यंत सलग पायवाट झाली! गेले सात महिने तुमच्या फोटोसमोर उभं राहायची मला भीती वाटायची. आज वाटली नाही, म्हणून लिहिते आहे.

आठवतं, कौन्सिलला बदामाची सगळी झाडं पाडून रस्ता रुंद करायचा होता? उसाच्या लॉऱ्या सुसाट जाव्यात म्हणून. आणि शाळेतली मुलं, सोमवारच्या बाजाराला टोपल्या घेऊन निघणाऱ्या बायका? त्यांनी गटाराच्या कडेनं चालायचं! तेव्हा मी घरोघर जाऊन म्हटलं, आपणच अंगणातली दोन-दोन पावलं जागा देऊ. झाडांच्या मागून वाट जाईल, सावलीतून चालता येईल.

आपलं बेट स्वतंत्र झालं त्या वर्षी शाळेत घातलेली तुमची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. केवढा तोरा होता मला! मी वाट रस्त्याच्या समोरच्या बाजूनं आखली होती. मासे विकणाऱ्या तांत मारीनं, साऱ्या गावाच्या मारीमावशीनं, नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. बाईसाहेब म्हणावं तशा सुरात म्हणाली, "मामझेल, दुपारचं ऊन कुठल्या बाजूला पडतं, ते तुझ्या कागदाला ठाऊक आहे का?" दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं मला त्या बाजूनं शाळेपर्यंत चालवलं. डोकं तापलं तेव्हा कळलं. वाट आपल्या बाजूला आली.

आपल्या बाजूला आली, म्हणजे आपल्या कुंपणातूनही जाणार होती.

शाळेच्या वर्गात सभा भरली, मी जागा देणाऱ्यांची यादी वाचली. पहिलंच नाव तुमचं. तुम्ही मागच्या बाकावरून उठलात. "माजी जागा मी दिलेली नाय," एवढंच बोललात आणि टोपी घालून चालू लागलात. मागून कोणीतरी ओरडलं, "अयो मामझेल, आधी पापाला पटव!" सगळा वर्ग हसला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग तुम्ही कुंपणाच्या आत बांबूची दुसरी रांग लावायला घेतलीत. हॉटेलच्या बागेत तीस वर्षं कुंपणं राखलेला माणूस, रोज संध्याकाळी वाकून पाणी घालत होता. मी आईला मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बघ, मला चिडवायला कुंपण आणखी जाड करतायत." तुम्ही ऐकलंत. माती दाबत राहिलात. का नाही एक शब्द बोललात, बाबा?

पुढे इस्पितळात तीन दिवस मी तुमचे पाय चेपत बसले. तो विषय तुम्हीही काढला नाही, मीही नाही. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात, असंच मी धरून चालले होते.

वाट दोन्हीकडून येऊन आपल्या कुंपणाशी थांबली. मुलं तिथं रस्त्यावर उतरायची, आणि प्रत्येक लॉरीच्या आवाजाला मी फाटकाशी धावायचे. तरी आईकडे बोलायचा धीर होईना. तुमचा शब्द मी कसा मोडू?

मागच्या आठवड्यात आईच कोयता घेऊन आली. "चल गो, जुना बांबू तोडूया."

"बाबांना नको होतं ना?"

"कोन म्हनतं? बाबा म्हनले, नव्या रांगेला मुळं धरू दे, मग जुनी काढू. उघडं अंगन बरं दिसत नाय."

"मग सभेत नाही का म्हणाले?"

"साऱ्यांच्या दारात बसलीस, चहा पिऊन इचारलंस. आपल्या दारात इचारलंस?"

मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"ती इचारील तवाच सांग म्हनले. वाट बघून बघून मीच थकले!"

तोडलेल्या बांबूतच मी खाली बसले. आधी रडले, मग हसू आलं. केवढा हा हट्ट, तुमचा आणि माझाही! नवी रांग कमरेइतकी झाली आहे, दोरी धरून लावावी तशी सरळ. मी टेपनं मोजलं. मागितली होती त्याहून वीतभर जास्तच जागा सोडलीत. तुमची पावलं मोठी, बाबा.

छातीवरचं ओझं उतरलं. रागावला होतात, पण माझ्यासाठी जागा करत होतात.

आता लोकांना आपल्या फाटकाजवळ, बदामाखाली एक बाक हवा आहे. या वेळी मी आईला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला आणि रीतसर विचारलं. "बघते," म्हणाली. तीन दिवस झाले. काल पुन्हा विचारलं तर म्हणते, "घाई काय हाय?"

तुम्हाला वचन देते, ती हो म्हणेपर्यंत यादीत आपलं नाव लिहिणार नाही. आणि ती नाही म्हणाली, तर का नाही, ते तिच्याजवळ बसून ऐकेन.

तुमची,
शांता