भट्टीची उरलेली धग

७ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी सहाला भवानी पेठेत, सलीमभाईंच्या बेकरीत. भट्टीत जाणारं प्रत्येक लाकूड आधी माझ्या काट्यावर. पहिल्या दिवशी कारागीर हसत होते, आता स्वतःच आणून ठेवतात. एक किलो पावामागे कुठल्या देशात किती इंधन जातं आणि वीस वर्षांत ते किती कमी झालं, असा आमचा तक्ता. डेन्मार्क, तुर्कस्तान, जपानचे आकडे खराडीच्या ऑफिसात बसून मिळाले. आपलेच कुठे नव्हते. सात बेकऱ्यांनी नाही म्हटलं. सलीमभाई म्हणाले, "बसा ना मॅडम. भट्टीला कसली लाज?" या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत.

घरी ह्यांचा शेरा: "म्हणजे डेन्मार्कचं घरबसल्या कळलं, भवानी पेठेला मात्र पहाटे उठावं लागलं." चहा मात्र न सांगता करून ठेवतात. तक्रार नाही.

९ ऑक्टो., गुरुवार
आलेख तयार. तिन्ही देशांच्या रेघा उतरत गेलेल्या, आपली सगळ्यांत वर आणि, भट्टी तीच म्हणून, सपाट. आमचे साहेब, मोहिते सर, खूश. "क्लिअर स्टोरी आहे." जास्त लाकूड खाणाऱ्या भट्ट्या आधी बदलायच्या, त्यांची पहिली यादी एक संस्था यावरून करणार आहे म्हणे. म्हणजे पहिली कुऱ्हाड सलीमभाईंच्या भट्टीवर. आजोबांच्या वेळची भट्टी. ज्याचं खावं मीठ... छे.

१३ ऑक्टो., सोमवार
काटा बेकरीतच विसरले होते, म्हणून दुपारी दोनला गेले. एरवी पाव निघाला की अकराला मी निघते. बघते तर दारात बायकांची रांग. प्रत्येकीच्या पिशवीत रवा, मैदा, तूप, पिठीसाखर. दिवाळीची नानकटाई भाजून न्यायला आलेल्या. आत टोस्ट वाळतोय, खारी भाजली जातेय.

"लाकूड कधी टाकलं?" मी.
"सकाळीच. तुमच्यासमोर तर टाकलं," सलीमभाई. "धग संध्याकाळपर्यंत पुरते. फुकट कशाला घालवायची?"

आणि मी सगळं लाकूड एकट्या पावाच्या नावावर चढवलेलं! मी स्वतः दर दिवाळीला अशीच नानकटाई भाजून आणते. अठरा वर्षं या धंद्यात. धन्य.

१५ ऑक्टो., बुधवार
दोन दिवस दुपारचंही सगळं तोललं. रांगेतल्या बायकांनी हसत हसत डबे काट्यावर ठेवले, एकीनं वर दोन नानकटाया हातावर ठेवल्या. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई, सगळ्यांत लाकडाची नवी वाटणी केली. आपली रेघ खाली आली. अजून वरच आहे, पण तुर्कस्तानला जवळजवळ टेकली. मोहिते सर कुरकुरले, मग म्हणाले, "मोजलंस ना नीट? मग तेच जाईल." असा साहेब मिळणं हेही नशीबच. फार दिवसांनी इतकी शांत झोप लागेल.

१७ ऑक्टो., शुक्रवार. वसुबारस
आनंदाची बातमी द्यायला गेले.

सलीमभाईंनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे आपली भट्टी चांगली ठरली?"
"हो!"
"मग गॅसच्या ओव्हनला मदत मिळणार होती... त्या पहिल्या यादीत आता आपण येणार नाही."

त्यांना यादीचं पहिल्यापासून माहीत होतं. ओव्हन हवाच होता. त्यांचे थोरले भाऊ, युसूफभाई, तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले. आता दोन पायऱ्या चढले तरी धाप लागते. इतके दिवस ते मला गल्ल्यामागे बसलेले दिसत होते. मला वाटलं, वडीलमाणूस, आराम करतंय. मी आपली लाकूड तोलत बसले. एकदाही विचारलं नाही, काय हवंय म्हणून. भट्टी वाचवायची हे माझं मीच ठरवून टाकलं.

१८ ऑक्टो., शनिवार
लाज वाटते, पण लिहिते. आज सलीमभाईंना म्हणाले, "जुनाच आकडा ठेवू का?"

"नको ताई. खोट्यावर आणलेल्या ओव्हनसमोर दादाला कुठल्या तोंडानं नेऊ?" मग म्हणाले, "पण लाकूड तोललं, पाव तोलला. धूर कुठं तोलला तुम्ही?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आज पहिल्यांदाच मॅडमची ताई झाले, आणि तेही या दिवशी.

घरी येऊन चारही देशांचे तक्ते पुन्हा उघडले. धुराचा रकाना कुणाच्याच तक्त्यात नाही. सरांना फोन केला. "आपला विषय नाही तो." पाच मिनिटांनी त्यांचाच उलट फोन. "एक पान जोड शेवटी. कोण वाचेल याची खात्री देत नाही."

२५ ऑक्टो., शनिवार
दिवाळी झाली. आज युसूफभाईंनी ते पान सांगितलं, मी उतरवून घेतलं. दोन वाक्यं झाली की थांबावं लागे. जिथे थांबले तिथे मी नुसती आडवी रेघ ओढली. पान अर्धं रेघांचंच झालं. तसंच पाठवलं, खऱ्या आकड्याच्या मागे जोडून. यादी पुढच्या महिन्यात.

उठताना मी आभार मानायला लागले तर त्यांनीच थांबवलं. "एवढी वर्षं लोक पाव कसा झालाय विचारतात. माझं कोण विचारतं?" पाया पडले.

सलीमभाई बाहेर गिऱ्हाईक बघत होते. युसूफभाईंनी मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला. "यादी आली की आधी मला सांगा. सलीमला नको. नाव नसलं तर तो माझ्यासमोर हसून दाखवेल, आणि ते मला बघवणार नाही."

हो म्हणून आले.