एकतिसावा खांब

बुधवार, २६ जून

पोचलो. बावन्नावा उन्हाळा. खोलीतली खाट अजून लंगडीच. तिच्या पायाखाली मागच्या वर्षी घडी करून ठेवलेला कागद उंदरांनी खाल्ला. त्यावर माझी कविता होती. चला, एक तरी खपली.

दुपारी बसेस आल्या. दोनशे दहा मुलं, दोनशे दहा बॅगा, आणि हरवलेला एकच बूट – तो कुणाचाच नाही. संध्याकाळपर्यंत सहा जणी आईसाठी रडल्या, त्यातल्या चौघींची तेवढ्यात जन्माची मैत्री झाली. तळ्याचा वास तोच. ओलं लाकूड, शेवाळ, दूरवरून येणारा पावाच्या भट्टीचा. मी नऊ वर्षांचा असताना ह्याच धक्क्यावर उभा राहून ठरवलं होतं की उडी मारायची नाही. मग कुणीतरी ढकललं. तेव्हापासून येतोच आहे.

नाफ्ताली भेटला. आता कॅम्पचा संचालक, चाळिशीचा, दाढीत पांढरं. मला मात्र तो ब्रुकलिनच्या शाळेतला, माझ्या कवितेच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा पोरगाच दिसतो. म्हणाला, "सर, दोरीचं काम यंदाही तुमच्याकडेच. पण आधीच सांगतो, एक शुक्रवार चुकला तर पुढच्या वर्षी तरुण माणूस नेमावा लागेल. तुमचंही वय झालंय."

मी विचारलं, "मेंढपाळाची कविता पाठ झाली का रे शेवटी?"

गेला निघून.

गुरुवार, २७ जून

मुलं सांभाळायला आलेल्या नव्या ताई-दादांना दोरी समजावून सांगितली. शहरातून आलेली पोरं, त्यांना वाटलं कुंपण आहे. म्हटलं, कुंपण नव्हे, घर आहे. सेहेचाळीस खांब, त्यांच्या डोक्यावरून गेलेली, खांबाखांबाला बांधलेली एक पांढरी दोरी, कॅम्पभोवती सगळीकडून. ती अखंड असेल तर शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या आम्हा ज्यूंच्या विश्रांतीत, सगळा कॅम्प एकच घर धरायचा, पुस्तक घ्या, पाण्याची बाटली घ्या, लेकरू कडेवर घ्या, कुठेही न्या. कुठेही तुटली तर खिशातला रुमालसुद्धा दाराबाहेर न्यायचा नाही. म्हणून दर शुक्रवारी दुपारी कुणीतरी सगळी दोरी फिरून बघायची आणि वहीत सही करायची. तो कुणीतरी म्हणजे मी. वीस वर्षं.

शुक्रवार, २८ जून

फेरी झाली. सही केली.

इथे, ह्या पानावरच लिहितो. मला दोरी दिसत नाही. आज चार वर्षं. उजव्या डोळ्यापुढे पडदा, डाव्यापुढे धुकं. वाचायला भिंग आहे, पण दहा फुटांवरची दोरी? आकाश दिसतं, तेही मनानेच निळं करून घ्यावं लागतं.

पण माझी पद्धत आहे. चौथीत पाठ केलेली मेंढपाळाची कविता म्हणत चालायचं, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर दोन ओळी, संपली की पुन्हा पहिल्यापासून. खांब आला की त्याला कान लावायचा. दोरी ताणलेली असली की लाकूड गुणगुणतं, अगदी बारीक, मधमाशीसारखं. चार वर्षांत एकदाही चुकलो नाही. डोळे गेले तरी वृत्त शाबूत आहे.

शुक्रवार, ५ जुलै

काल वादळ झालं होतं. चौदाव्या खांबाखाली केवढी फांदी आडवी, मी अडखळलोच. पण खांब गुणगुणत होता! हात फिरवला तर वरून खाली ओढलेलं दोरीचं टोक कमरेच्या उंचीला बांधलेलं. दोन वेढे, मग एक मागून फिरवलेला. मी एकाच वेढ्याची गाठ मारतो. कधीतरी मारली असेल तशी, आठवत नाही. देव म्हाताऱ्यांची दोरी सांभाळतो.

फेरीनंतर नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. फ्रुमाबाईंनी कुगेलचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या जाड वडीचा, करपलेला कोपरा काढून ठेवला होता. बाई एकाहत्तरच्या, सतरा वर्षं इथलं स्वयंपाकघर चालवतात आणि सगळ्यांवर ओरडतात, माझ्यावर जरा जास्त.

"आलात कविराज? पाय पुसा."

"सकाळी तुम्हाला शोधत होतो. पोरी म्हणाल्या, बाई दर शुक्रवारी उजाडताच गायब होतात."

"पुदिना आणायला जाते."

"दीड तास? पुदिना आणता की पेरून येता? कुणी भेटतं बिटतं की काय रानात?"

"भेटतो की. तुमच्यापेक्षा कमी बोलतो. खा आणि निघा."

त्यांच्या झग्याला कुसळं चिकटली होती. ती मात्र मला दिसली – म्हणजे टोचली.

मंगळवार, ९ जुलै

नऊ नंबरच्या खोलीतल्या मुलींनी कवितेच्या तासाला यमकं जुळवली. अतारा म्हणून अकरा वर्षांची पोरगी आहे, केस सदा डोळ्यांवर. तिने तळ्यावर कविता केली. चार ओळी, त्यातल्या तीन जळवांवर. वाचताना सगळी खोली किंचाळली. ह्या वयात मी चंद्रावर लिहायचो. जळू जास्त खरी आहे.

शुक्रवार, १२ जुलै

फेरी. सही. कुगेल.

बुधवार, १७ जुलै

आजपासून नऊ दिवस शोकाचे, यरुशलेममधलं मंदिर पडल्याच्या आठवणीचे. मटण नाही, गाणीबजावणी नाही, तळ्यात पोहणं नाही. ऊन असं की खांबाला हात लागत नाही, आणि दोनशे दहा मुलं पाण्याकडे बघत काठावर बसलेली. मंदिराचं दुःख त्यांना आज पहिल्यांदा नीट कळलं असेल.

सगळ्यांना एकच वेड लागलंय, मैत्रीचे धागे विणून मनगटाला बांधायचे. हस्तकलेच्या खोलीतलं सूत दुपारीच संपलं.

शुक्रवार, १९ जुलै

घाईत लिहितोय, शब्बाथचे दिवे लावायला तास उरलाय.

सकाळी फ्रुमाबाई पुदिना आणायला गेल्या आणि पाय मुरगळून बसल्या. दोन दादांनी उचलून आणलं, गावात डॉक्टरकडे नेलं. आत्ता परत आल्या, पायाला हे एवढं बँडेज. मी बघायला गेलो तर मलाच विचारतात, "मास्तर, दोरी बघितलीत?"

"बघितली."

"नीट?"

"वीस वर्षं बघतोय, फ्रुमाबाई."

"नीट का, ते विचारतेय."

राग आला. स्वतःचा पाय सांभाळता येत नाही आणि माझी दोरी बघायला निघाल्या. कुगेल न घेताच आलो. आता पस्तावतोय.

रविवार, २१ जुलै

काल शनिवार, शब्बाथला लिहायचं नसतं. आज सगळं लिहितो.

दोरी तुटलेली होती.

काल सकाळी प्रार्थनेला निघताना नाफ्तालीने सहज वर बघितलं. हस्तकलेच्या खोलीमागे, एकतीस आणि बत्तीस नंबरच्या मधे, नुसतं आकाश. कापून नेलेली. आणि एकतिसावा खांब माझ्या कानाशी गुणगुणला होता, कारण तिसाव्याकडची दोरी त्याला धरून होती. बत्तिसाव्याचंही तसंच. दोघंही आपापल्या परीने खरं बोलले.

नाफ्तालीने सभागृहाच्या दारात उभं राहून सांगितलं, "खिसे रिकामे करा. उद्या घ्या." पायरीवर काय काय पडलं! रुमाल, दगड, अर्धी बिस्किटं, एका मुलाचा पडलेला दात, एक बेडूक. बेडूक आपल्या पायांनी गेला, त्याला नियम लागू नाही.

नाफ्तालीचा धाकटा दीड वर्षाचा. एरवी बापाच्या खांद्यावरून खाली उतरत नाही. काल कुणीच उचलायचं नाही म्हटल्यावर तो जेवणघरापर्यंत स्वतः चालला. शंभर पावलांना पाऊण तास. मुंगी दिसली की थांबायचा. त्याच्या मागे सगळा कॅम्प, पांढऱ्या कपड्यांत, मुंगी बघत उभा.

दुपारी तर ना चेंडू, ना पत्ते, ना पुस्तक. मोठ्या मेपलखाली सगळी रिकाम्या हातांनी बसली. अतारा म्हणाली, "मास्तर, तुमच्या डोक्यात आहे ते सांगा. ते उचलावं लागत नाही." मग मी सुरू झालो. मेंढपाळाची सगळी, बासष्ट ओळी. मग दुसरी, तिसरी. तासाभराने मेंढपाळाची पुन्हा म्हणायला घेतली, तर मागून कुणाचा तरी आवाज माझ्याबरोबर यायला लागला, चुकत, अडखळत. नाफ्ताली. पाठ होती लेकाला. एवढी वर्षं सांगितलं नाही.

एवढा सुंदर शब्बाथ मी पाहिला नाही. पाहिला म्हणजे आपलं – होतो तिथे.

सोमवार, २२ जुलै

अतारा आणि तिच्या पाच मैत्रिणी माझ्या दाराशी आल्या. मनगटं पाठीमागे लपवलेली.

"मास्तर, आम्हाला वाटलं कपडे वाळत घालायची जुनी दोरी आहे."

"एवढ्या उंचावर कपडे कोण वाळत घालतं गं?"

"आम्हाला वाटलं, पूर्वीची माणसं उंच असतील."

गुरुवारी शिडी लावून कापली, उसवली, बीटाच्या पाण्यात रंगवली, सहा धागे विणले. नाफ्ताली भडकलाय. शेवटच्या आठवड्यातल्या मोठ्या खेळांतून सहा जणींना काढायचं ठरवलंय त्याने. त्यांच्यासाठी हे म्हणजे उन्हाळाच संपला. सगळ्यात धाकटी नुसती हुंदके देत होती.

त्या गेल्यावर बराच वेळ खाटेवर बसलो. मग उठून नाफ्तालीच्या ऑफिसात गेलो.

"मुलींनी गुरुवारी कापली," म्हटलं. "मी शुक्रवारी सही केली. शुक्रवारचा माणूस कशासाठी असतो? गुरुवारच्या चुका सापडाव्यात म्हणून. मला दिसत नाही, नाफ्ताली. चार वर्षं दिसत नाही."

तो म्हणाला, "चार वर्षं? सर, चार वर्षांत तर एकदाही चुकलं नाही."

"नशीब."

"मुलींना खेळू देतो," म्हणाला. आणि मग, माझ्याकडे न बघता, "वही द्या सर."

दिली. वीस वर्षांच्या सह्या. पातळशी वही, पण हातातून गेल्यावर खिसा केवढा रिकामा.

गुरुवार, २५ जुलै

उपास. शोकाचा शेवटचा दिवस. जमिनीवर बसलो. अताराने माझ्या मनगटाला धागा बांधला, बीटाच्या रंगाचा. सोडायचा नाही म्हणाली, आपोआप तुटेपर्यंत. ही दोरी तरी मला जाणवते, हाताशी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात इथे काय म्हणून यायचं? दोरीवाला नाही तर कोण?

शुक्रवार, २६ जुलै

शोक संपला, स्वयंपाकघरात नऊ दिवसांनी मटण. दोरी बघायला नाफ्ताली स्वतः गेलाय. मला कुठे जायचं कळेना, म्हणून मागच्या दाराशी गेलो. फ्रुमाबाई पाय स्टुलावर टाकून मटणाच्या मोठ्या तुकड्याला दोरा बांधत होत्या. "रिकामे उभे राहू नका, इथे बोट ठेवा," म्हणाल्या. ठेवलं. त्यांनी माझ्या बोटावरून दोरा ओढला. दोन वेढे, मग एक मागून फिरवलेला.

मी बोट काढलं नाही.

"फ्रुमाबाई, त्या दिवशी पाय नक्की कुठे मुरगळला?"

त्यांनी गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "अठ्ठाविसाव्या खांबापाशी."